यंत्राचा पहिला प्रश्न

मतरूह,
बकरी ईदच्या आधीचा आठवडा

प्रिय इनास,

तू पाठवलेलं खिशातलं यंत्र पोचलं. आईनं फोनवर तुला ते सांगितलंच असेल, पण तुला माझ्याकडून हवं होतं आणि तेही लिहून. हातात घेतल्यावर पहिल्या दिवशी काय वाटलं ते सगळं कळवा, काही राखून ठेवू नका, आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवायचंय, असं तू बजावलं होतंस. म्हणून बसलोय लिहायला. खरं तर त्या यंत्रावरच लिहिणार होतो, पण जन्मभर फळ्यावर लिहून माझं अक्षर हत्तीएवढं झालंय आणि त्याची पाटी माझ्या तळहातात मावते. दोन ओळी लिहिल्या आणि नाद सोडला. हे पत्र मात्र ऑफिसात कुणाला वाचून दाखवू नकोस. का, ते पुढे कळेल.

तर पहिल्या दिवसाबद्दल. दुपारच्या बसनं पुडकं आलं, टॉवेलात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातलेलं. बाहेर पाऊस कोसळत होता, समुद्राकडून काळं भरून आलं होतं आणि सकाळपासून वीज नव्हती. जुमामामा आपल्याकडेच बसला होता, पाऊस लागला की त्याला बहिणीची आठवण येते. मी यंत्र बाहेर काढलं. साबणाच्या वडीएवढं, काळं, गुळगुळीत, हाताला छान लागतं. पाठीत खोचलेली ती लिहायची काडी मी पहिल्याच तासात हरवली. तुझ्या आईनं ती शोधली, पण परत द्यायच्या आधी तिनं किटलीच्या तोटीत अडकलेला चहाचा चोथा काढून घेतला. एवढ्या सगळ्यात आपल्या उपयोगाची हीच एक वस्तू आहे, असं तिचं मत पडलं. मामानं विचारलं, पोरीनं बनवलंय म्हणतोस, मग भाकरी थापता येते का त्याला? मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी कुणी काहीही बोललं असतं तरी मला लागलं नसतं.

चालू केलं, तर त्यानं आधी मलाच प्रश्न केला. तुम्ही कुठे आहात? मला हसूच आलं. गावातल्या दोन पिढ्यांना मी नकाशा वाचायला शिकवलं, आणि हे मूठभर यंत्र मला विचारतंय कुठे आहात म्हणून. खाली गावांची कसली तरी यादी होती, ती काही मी वाचली नाही. ‘ठीक’वर काडी टेकवली आणि पुढे गेलो. पुढे सगळी गंमतच होती. पंचांग, हिशेब, नाव-पत्त्यांची जागा. त्यात मी पहिलं नाव तुझं घातलं. बाण फिरून मक्केची दिशा दाखवतो, ते पाहून तर मी अंगणात भिजत उभा राहिलो आणि चारही बाजूंना वळून बघितलं. आणि नमाजाच्या वेळा. वीज नाही, रेडिओ बंद, मशिदीचा भोंगा मुका, आणि आमचं यंत्र आपलं चालूच. माझ्या मुलीनं ज्याच्यावर काम केलंय ते यंत्र. मी ते मामाला दहादा ऐकवलं.

आता खैरल्लाहबद्दल लिहायला हवं. तुझ्या शाळेत दोन वर्ग पुढे होता, सल्लूमच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवायचा. रमजान ईदला तू आली होतीस तेव्हा त्याची हकीकत तू अर्धीच ऐकलीस, तुझी बस सुटत होती. शरदात एका पहाटे धुक्यात हमद नावाचा तरुण मेंढ्या घेऊन रस्ता ओलांडत होता आणि खैरल्लाहच्या गाडीखाली आला. जागेवरच गेला. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली, भरपाई ठरली, माफी झाली. धर्मानं सांगितलेलं प्रायश्चित्त मात्र त्याचं त्यालाच करायचं होतं. दोन महिने सलग रोजे. मध्ये एक जरी तुटला तरी पुन्हा पहिल्यापासून. ते पुरे होईपर्यंत त्यानं गाडीला हात लावायचा नाही आणि हमदच्या आईच्या, हज्जा मबरूकांच्या समोर जायचं नाही, असंही बैठकीत ठरलं. पुरे झाले की मात्र त्यानं त्यांच्या दारी जायचं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला चहा द्यायचा. त्या चहानंतर त्याच्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यानं सुरुवात केली. बकरी ईदला रोजा धरता येत नाही, म्हणून त्याच्या आत सगळं बसवायचं होतं, आणि ते नेमकं बसत होतं.

आपल्या मोहल्ल्यानं त्याला फार सांभाळलं, इनास. रोज संध्याकाळी एकेका घरानं त्याला रोजा सोडायला बोलवायचं, त्यात कधी खंड पडला नाही. शेवटची संध्याकाळ मशिदीच्या अंगणात सगळ्यांबरोबर व्हायची होती. तिच्या आदल्या संध्याकाळचा मान मी मागून घेतला. मागून घेतला म्हणजे भांडून घेतला. माझा विद्यार्थी आहे, माझा हक्क आहे म्हणालो. आणि ती नेमकी यंत्र आलं त्याच दिवसाची संध्याकाळ होती.

तो भिजून आला. फार वाळला होता, गालफडं आत गेली होती, पण डोळ्यांत काहीतरी हलकं झालेलं दिसत होतं. परवा सकाळी हज्जांकडे जायचं म्हणून नवा जुब्बा शिवून घेतलाय, असं त्यानं तुझ्या आईला लाजत सांगितलं. ती म्हणाली, मग जरा खात जा, नाहीतर जुब्बाच चालत गेला म्हणतील. ताटाभोवती आम्ही तिघं बसलो, मी, मामा आणि तो. खजूर, दूध, मसुराचा शोरबा. दिवा लावावा लागला इतका अंधार होता. मी यंत्र ताटाशेजारी ठेवलं आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. रेखांश, अक्षांश, सूर्य, सगळं. आणि ते वाजलं. चिमणीसारखा बारीक आवाज काढला त्यानं. झाली वेळ, मी म्हणालो. तुझी आई चुलीजवळून म्हणाली, “इनासचे बाबा, अजान झालेली नाही.” खैरल्लाहनं मनगटाकडे बघितलं आणि तोही चाचरत म्हणाला, “उस्ताद, आज जरा लवकर वाटतंय.”

माझं आणि मशिदीत अजान देणाऱ्या शेख बूबकरचं जुनं भांडण तुला माहीतच आहे. सावधगिरी म्हणून तो संध्याकाळची, मगरिबची अजान उशिरा देतो, असं मी किती वर्षं म्हणत आलोय, आणि लोक किती वर्षं माझ्यावर हसत आलेत. त्या संध्याकाळी मला वाटलं, घ्या, आता यंत्रानंच सांगितलं. आनंद झाला मला. आनंदाच्या भरात मी खैरल्लाहला म्हणालो, “अरे, सूर्य कुठे आहे ते बूबकरला विचारतोस की मला?” शाळेत मी फळ्याकडे वळलो की जशी मान खाली घालायचा, तशीच त्यानं घातली. मग बिस्मिल्लाह म्हणाला आणि खजूर तोंडात टाकला.

शोरब्याची वाटी अर्धी झाली होती. पाव तास झाला असेल. पाऊस जरा थांबला, आणि मशिदीच्या गच्चीवरून शेख बूबकरचा आवाज आला, भोंग्याशिवाय, नुसत्या गळ्यानं. पश्चिमेला ढग थोडे फाटले होते आणि तिथली तांबूस रेघ अजून पुरती विझलेली नव्हती. खैरल्लाहनं हातातला घास ताटाच्या कडेला ठेवला, हळूच, आवाज न करता. मी यंत्र उचललं, हलवलं, ठेवलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “असू द्या उस्ताद. मला आता तशीही उपाशी राहायची सवय झालीये.” त्यानं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी कृतज्ञ झालो असतो.

इमामसाहेबांनी फार चांगुलपणा दाखवला. म्हणाले, वेळ झाली असं मानून खाल्लंय, मुद्दाम नाही, तेवढा एक दिवस पुन्हा धरला तर चालतं असं म्हणणारे मोठमोठे लोक आहेत. खैरल्लाह ऐकेना. हज्जांना मी सलग दोन महिने कबूल केलेत, ठिगळ लावलेले घेऊन त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू, म्हणाला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि तेही लगेच नाही, कारण मध्ये बकरी ईद येते. ती होऊन गेली की सुरू. तोवर गाडी बंद, चहा बंद, जुब्बा खुंटीला.

इथवर जे लिहिलं त्याची तर लाज वाटतेच. पण एवढ्यासाठी मी तुला पत्र लिहिलं नसतं. फोनवर सांगितलं असतं, तू रागावली असतीस, मी ऐकून घेतलं असतं.

त्यानंतर दोन दिवसांनी दोन्हीकडची माणसं पुन्हा बसली, हमदच्या काकांच्या घरी. ठरलेला शब्द राहतो की मोडतो हे बघायचं होतं. खैरल्लाह उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, घाई माझी झाली, दुसऱ्या कुणाचा त्यात संबंध नाही. कुणाच्या घरी, कुणाच्या सांगण्यावरून, काही नाही. हमदचे काका तापट माणूस. ते म्हणाले, “ज्याला दोन महिने तोंडावर ताबा ठेवता येत नाही, तो उद्या गाडीवर काय ठेवणार?” दोन-चार माना हलल्या. खैरल्लाह खाली बघत उभा. मामानं मला कोपरानं ढोसलं. तेव्हा मी उठलो.

मी उठलो तेव्हा खरं बोलायलाच उठलो होतो, एवढा विश्वास माझ्यावर ठेव. पण समोर सगळे बसलेले. माझे विद्यार्थी, त्यांचे बाप, बूबकर. सगळे माझ्याकडे शाळेतल्यासारखे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं की दोष खैरल्लाहचा नाही, दोष यंत्राचा आहे. कैरोला बनवलेलं यंत्र, तिथे खोलीत बसून काम करणाऱ्या पोरींना आपल्याकडचा सूर्य कधी बुडतो ते काय कळणार. सगळे हसले. बरं वाटलं मला त्या हसण्यानं. मग काका म्हणाले, “पण उस्ताद, ती पोरगी तुमचीच ना?” आणि मी म्हणालो, “हो. म्हणून तर मलाच जास्त लाज वाटते.”

असं म्हणालो मी, इनास. भर बैठकीत.

काम फत्ते झालं. काका निवळले, शब्द कायम राहिला, ईदनंतर नव्यानं रोजे धरायला सगळ्यांनी संमती दिली. म्हाताऱ्यांनी माझी पाठ थोपटली, मोठ्या मनाचा माणूस, पोटच्या पोरीचीही चूक झाकत नाही म्हणाले. एकानं तुझा विषय काढला, मुलीला एवढं शिकवून शेवटी काय, वगैरे. मी त्यालाही काही बोललो नाही. परत येताना खैरल्लाह माझ्याबरोबर चालत आला. चिखल होता म्हणून त्यानं माझा हात धरला होता. तो म्हणाला, यंत्र बिघडलंय तर माझ्याकडे द्या, कैरोच्या बसवाल्याला सांगून इनासकडे पोचवतो, ती दुरुस्त करून देईल. मी खिशावर हात दाबून धरला आणि राहू दे म्हणालो.

कारण ते बिघडलेलं नव्हतं. आणि मला ते बैठकीला जायच्या आधीच माहीत होतं.

रोजा तुटला त्याच संध्याकाळी, खैरल्लाह घरी गेल्यावर, मी यंत्र पुन्हा उघडलं होतं. आत कुठेतरी तो पहिला प्रश्न पुन्हा सापडला. तुम्ही कुठे आहात? आणि खाली माझं उत्तर लिहिलेलं होतं, कैरो. यादीत सगळ्यात वरचं गाव, मी न वाचता कबूल केलेलं. खाली खाली गेलो. इस्कंदरिया, मन्सूरा, अस्वान, आणि अगदी तळाशी आपलं मतरूह. तेव्हा मला तुझा फोन आठवला. यंत्र पाठवायच्या आदल्या दिवशी तू सांगत होतीस की बाबा, सगळ्यात आधी गाव निवडा, आपलं गाव यादीत आहे, एवढ्याशा गावाला कशाला म्हणत होते सगळे, मी भांडून घातलंय. आणि मी तुला मध्येच तोडून म्हणालो होतो, कैरोत आधी सूर्य बुडतो आणि आपल्याकडे मागून, हे तुला चौथीत मीच शिकवलं, आता तू मला शिकवतेस? तू हसलीस आणि फोन ठेवलास. हे सगळं मला आठवलं, मी काडी मतरूहवर टेकवली, आणि त्यानंतर दोन दिवसांनी अंगावर कोट चढवून त्या बैठकीला गेलो.

कुणाला कळलंही नसतं. पण तुझी आई. बैठकीतलं सगळं मामानं येऊन तिला तिखटमीठ लावून सांगितलंच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या खिशात ते चिमणीसारखं वाजलं, आणि बरोबर त्याच क्षणी बूबकरची अजान सुरू झाली. तुझी आई पीठ मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “बिघडलेलं यंत्र आज शहाणं कसं झालं?” एवढंच. तेव्हापासून माझं ताट ती माझ्यासमोर ठेवते आणि स्वतः स्वयंपाकघरात जेवते.

आज सकाळी मी हज्जा मबरूकांकडे गेलो. मला वाटलं, लांबला तो चहा त्यांचा, तेव्हा माफी त्यांचीच मागायला हवी. त्या ओसरीवर लोकर कातत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काडी टेकवल्यापासून बैठकीत बोललो तिथपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर चाती बाजूला ठेवली आणि विचारलं, “तुझ्या पोरीला सांगितलंस?” मी म्हणालो, अजून नाही, ती ईदला येणार आहे. त्या म्हणाल्या, “मिफ्ताह, माझ्या हमदबद्दल आता गाव काहीही बोललं तरी त्याच्या कानावर जात नाही. तुझी पोरगी बसमधून उतरली की तिच्या जाईल. आधी तिला सांग. मग माझ्याकडे ये.” आणि पुन्हा कातायला लागल्या. मला बस म्हणाल्या नाहीत, चहा विचारला नाही. तसाच उठलो, घरी आलो आणि कागद घेतला.

म्हणून हे पत्र, इनास. तुझ्या जुमामामाच्या तोंडून कळायच्या आधी माझ्या हातचं तुझ्याकडे असावं. तुझ्या कामात काही खोट नाही. जे झालं ते मी केलं, आणि ते तुझ्या नावावर मी खपवलं, माहीत असून. शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांना थांबायला सांगितलंय, बूबकरलाही. तिथे मी उभा राहून सांगणार आहे. ईदनंतर खैरल्लाह रोजे सुरू करील तेव्हा मीही त्याच्याबरोबर धरणार आहे, त्याला काही उपयोग नाही त्याचा, पण ताटावर तो एकटा तरी नसेल. तू ईदला येशील ना? यावंसं वाटलं नाही तर मी समजेन, आणि तुझ्या आईला तुझ्याकडे पाठवीन. आलीस तर मान खाली घालून उतरू नकोस, तसं करायचं कारण तुझ्याकडे नाही. आणि ऑफिसात माझं मत विचारतील तेव्हा एवढंच सांग की यंत्र चांगलं आहे, काडी तेवढी किटलीपासून दूर ठेवावी लागते, आणि तो पहिला प्रश्न काढून टाकू नका. नुसत्या ‘ठीक’वर कुणाला पुढे जाऊ देऊ नका, उत्तर घेतल्याशिवाय सोडू नका. माझं उत्तर उशिरा देतोय. मी मतरूहमध्ये आहे. कैरोची बस येईल तेव्हा थांब्यावर उभा असेन, सगळ्यांच्या देखत.

तुला अजून म्हणवत असेल तर, तुझाच
बाबा